कासिमिरो या नावास अनावृत पत्र

प्रिय कासिमिरो,

स्पॅनिशमध्ये तू इतका मुरला आहेस, की तुझं मूळ घर पोलंडकडचं हे सांगूनही कुणाला पटू नये. तिकडे तू काझिमिर. जुन्या स्लाव्ह भाषांत ‘काझिति’ म्हणजे बिघडवणं, मोडणं. ‘मिर’ म्हणजे शांतता. थोडक्यात, शांतता मोडणारा! बारशाला आत्याने बाळाच्या कानात सांगावं असं हे नाव नव्हे. काही अभ्यासक सावरून घेतात: पहिला शब्द ‘काझाति’ धरला, तर शांततेची आज्ञा करणारा असा अर्थ निघतो. मला पहिलाच पटतो. लढवय्या सरदारांना मुलाचं नाव दणदणीतच हवं असणार. गंमत म्हणजे पोलंडवर राज्य करणारा पहिला काझिमिर इतिहासात ओळखला जातो तो मोडलेलं राज्य पुन्हा उभं करणारा म्हणून.

स्पेनपर्यंत तुला लॅटिनने आणि एका संताने पोचवलं. हा संत म्हणजे पोलंडचा राजपुत्र काझिमिर, १४५८ साली क्राकूवमध्ये जन्मलेला. जेमतेम तेरा वर्षांचा असताना हंगेरीचं सिंहासन मिळवायला त्याला सैन्यासह पाठवलं, आणि मोहीम फसून पोरगा परत आला. पुढे तो प्रार्थना-उपासांत रमला आणि १४८४च्या ४ मार्चला क्षयाने गेला. विल्नियसच्या कॅथेड्रलमधल्या त्याच्या चित्रात त्याला चक्क तीन हात आहेत. म्हणतात, चित्रकाराने एक हात रंगवून झाकला, तर तो पुन्हा वर आला. ४ मार्च हाच त्याचा सण. कॅथलिक पंचांगात त्या दिवसापुढे तुझं नाव असतं, आणि स्पेनमध्ये पंचांग पाहून नाव ठेवायची रीत जुनी. तिथे अर्थ कोण विचारतो?

स्पॅनिश लोकांनी मग तुझी फोड आपल्या कानाने केली. ‘कासि मिरो’, म्हणजे ‘मी जवळजवळ बघतो’. चकण्या माणसावरचा हा विनोद तू पिढ्यान्‌पिढ्या सोसतो आहेस. ऐंशीच्या दशकात तर स्पेनच्या दूरदर्शनने एका कार्टूनमधल्या प्राण्याला तुझं नाव दिलं. त्याचं काम, रात्री मुलांना झोपायला धाडणं. शांतता मोडणाऱ्याकडे अंगाईचं खातं!

तू गोव्यातही आलास, पोर्तुगीजांबरोबर. तिथे जन्मलेला कासिमिरो मोंतेरो मात्र तुझ्या मूळ अर्थाला पुरेपूर जागला. पोर्तुगीज पोलिसांतल्या या माणसाने केलेला छळ गोवा मुक्तिसंग्रामातल्या अनेकांनी अंगावर झेलला. पुढे तो पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या गुप्त पोलिसांत गेला. १९६५ साली स्पेनच्या हद्दीत, बादाखोसजवळ, सालाझारचे विरोधक जनरल उंबेर्तु देल्गादु यांचा खून झाला, तो त्याच्याच हातून. पोर्तुगालच्या न्यायालयाने १९८१मध्ये त्याला दोषी ठरवलं, पण तो हाती लागलाच नाही. गोव्यात त्याचा विषय निघतो तो ‘मोंतेरो’ या आडनावानेच. तू थोडक्यात वाचलास.

तुझा,
नावांच्या नादी लागलेला एक वाचक