ज्याचं राज्य, त्याची शाळा

आम्हाला बी.ए.ला युरोपातली धर्मसुधारणा होती. मार्टिन ल्यूथर सगळ्यांना पाठ. पण त्याला पाठीशी घालणारा सॅक्सनीचा इलेक्टर फ्रेडरिक एका वाक्यात उरकायचे. लोक त्याला ‘शहाणा’ म्हणत. त्याने १५०२ साली विटेनबर्गला विद्यापीठ काढलं आणि पुढे तिथल्याच प्राध्यापकाने, म्हणजे ल्यूथरने, थेट पोपशी भांडण मांडलं. १५२१ मध्ये सम्राट ल्यूथरवर उलटला, तेव्हा फ्रेडरिकने त्याला वार्टबर्गच्या किल्ल्यात लपवलं. नवा विचार नुसता खरा असून भागत नाही, त्याला आसराही लागतो.

शाळेत हा धडा शिकवताना मला हटकून आपले शाहू महाराज आठवायचे. १८९९ साली पंचगंगेवर कार्तिकस्नानाला गेले असताना भटजी वेदोक्त नव्हे, पुराणोक्त मंत्र म्हणताहेत हे राजारामशास्त्री भागवतांनी लक्षात आणून दिलं. विचारल्यावर उत्तर आलं, की तुम्ही शूद्र, वेदमंत्रांचा तुम्हाला अधिकार नाही. छत्रपतींना हे ऐकावं लागलं! राजोपाध्यांनीही वेदोक्ताला नकार दिला. १९०२ मध्ये महाराजांनी त्यांचं वतन जप्त केलं. टिळकांसारखे थोर पुढारीसुद्धा या वादात महाराजांच्या विरुद्ध होते. १९२० मध्ये तर महाराजांनी क्षात्रजगद्गुरूंचं वेगळं पीठच स्थापन केलं.

गोष्ट इथेच संपली असती, तर एका राजाने आपल्या अपमानाची भरपाई करून घेतली, एवढंच म्हणता आलं असतं. पण महाराज आपल्या अपमानापाशी थांबले नाहीत. जे छत्रपतींना ऐकावं लागलं, ते रयत रोजच ऐकत होती, हे त्यांना उमगलं असावं. १९०१ पासून वसतिगृहं सुरू झाली. २६ जुलै १९०२ ला मागासलेल्या वर्गांसाठी नोकरीत निम्म्या जागा राखल्या. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, आणि मूल शाळेत न घालणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलं एकत्र बसवली. मी मास्तरीण, म्हणून मला तो एक रुपया सगळ्यात मोलाचा वाटतो.

जर्मनीतल्या भांडणावर १५५५ साली तोडगा निघाला, तो असा, की ज्याचं राज्य त्याचा धर्म. रयतेला विचारतो कोण! आपल्याकडे शिक्षणाचं तसंच झालं. ज्याचं राज्य, त्याची शाळा. १९१७ साली माझे वडील सात वर्षांचे होते आणि हिंगोलीजवळच्या खेड्यात गुरं वळत होते. आम्ही निजामाच्या राज्यात. गावात शाळा नव्हती, आणि तालुक्याला गेलं तरी वरचं शिक्षण उर्दूत. कोल्हापुरात असते तर आमच्या आजोबांना रुपया भरावा लागला असता! वडील शेवटपर्यंत अंगठाच उठवत राहिले.

आमची हिंगोली काही कमी पुण्याची नव्हे. नर्सीचे नामदेव इथलेच. कुठल्या राजाच्या आसऱ्याशिवाय त्यांनी अभंग थेट पंजाबात नेला, त्यांची पदं पुढे गुरू ग्रंथसाहिबात जाऊन बसली. अभंगाने माणूस आतून बदलतो, हे मी मानते. पण गुरांमागचं पोर फळ्यासमोर आणून बसवायला हुकूमच लागतो.

आता राजे नाहीत. २००९ चा शिक्षणहक्क कायदा सगळ्या देशाला एकच आहे. कुठे जन्मलात यावर शाळा अवलंबून राहू नये, हेच तर हवं होतं. तरी दिवाळीनंतर ऊसतोडीला बिऱ्हाडं निघाली, की आमच्या भागातल्या वर्गात बाकं रिकामी होतात. मी नोकरीत होते तेव्हाही व्हायची. कायद्यात सगळं लिहिलेलं आहे. पण उंबऱ्यावर येऊन “पोरगं कुठंय तुमचं?” असं विचारणारं कोणी लागतं. ते काम आता राजाचं नाही, तुमचं-माझं आहे.

तुमच्या गावी काय परिस्थिती आहे, जरूर कळवा.