पूर्ण रक्कम जमली की भरू

३१ जुलै २०२२ला रविवार होता. आई-वडील साताऱ्याहून आमच्याकडे आले होते. जेवताना वडिलांनी सहज विचारलं, "रिटर्न भरलंस का रे? आज शेवटची तारीख आहे, पेपरात आलंय." मी ताटातून मान वर न करता "भरलं, बाबा" म्हणालो. समोर बायको बसली होती. तिलाही तेच खरं वाटलं.

मी भरलेलं नव्हतं. रिटर्न नाही आणि करही नाही. त्या वर्षाचा एक रुपयाही सरकारजमा केलेला नव्हता.

त्याआधी अकरा वर्षं मी हिंजवडीत पाइपिंग डिझाइनची नोकरी केली. महिन्याला साधारण पंच्याण्णव हजार हातात यायचे. त्यातून कर आधीच कापलेला असायचा, जूनमध्ये फॉर्म १६ मिळायचा आणि ऑफिसमधलाच एक मित्र अर्ध्या तासात सगळ्यांची रिटर्नं भरून द्यायचा. मार्च २०२१मध्ये मी नोकरी सोडली आणि जर्मनीतल्या एका कंपनीचं काम कंत्राटावर घरून करू लागलो. पहिलं बिल अडीच लाखांच्या आसपास होतं. ते जसंच्या तसं, पूर्णच्या पूर्ण खात्यात आलं. इथल्या एखाद्या कंपनीचं काम असतं तर तिने दहा टक्के टीडीएस कापून पैसे दिले असते. परदेशातली कंपनी काही कापत नाही. हे मला माहीत होतं. तरीही खात्यातला आकडा बघताना यातला काही भाग आपला नाही, हे एकदाही मनात आलं नाही.

वर्षभरात तीस लाख आले. गावाकडच्या घराचं छप्पर बदललं, त्याला साडेतीन लाख लागले. गाडी घेतली. कामासाठी एक लाख चाळीस हजारांचा कंप्युटर घेतला आणि त्याचं बिल जपून ठेवलं, कारण "खर्चात दाखव, टॅक्स कमी होतो" असं दोन-तीन मित्रांनी सांगितलं होतं. इंटरनेटची, खुर्चीची, यूपीएसच्या बॅटरीची, अशी सगळी बिलं मी बुटांच्या एका रिकाम्या खोक्यात टाकत गेलो. खोकं भरत आलं तसं माझ्या मनातलं कराचं ओझंही हलकं होत गेलं. पन्नास-साठ हजारांच्या वर काही जाणार नाही, असं मी धरून चाललो होतो. कुणाला विचारलं मात्र नाही.

मार्चच्या सुरुवातीला आयकर विभागाचा एसएमएस आला. १५ मार्चपर्यंत आगाऊ कर भरा. तेव्हा जर्मनीची दोन बिलं अडकली होती आणि खात्यात एकाहत्तर हजार होते. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा सोसायटीतल्या सीए मॅडमकडे गेलो. त्यांनी वहीत आकडे मांडले. आमच्यासारख्या व्यावसायिकांना कलम ४४एडीए लागू होतं. मिळालेल्या रकमेचा निम्मा भाग उत्पन्न धरायचा, उरलेला निम्मा खर्च झाला असं कायदाच मानतो. म्हणजे माझं उत्पन्न पंधरा लाख. पीपीएफ-विम्याचे दीड लाख वजा करून साडेतेरा. त्यावर उपकरासह कर २,२६,२०० रुपये. मी खोक्याचा विषय काढला. त्या म्हणाल्या, "निम्मा खर्च धरलाय ना, त्यात कंप्युटरही आला. वेगळा दाखवता येत नाही."

घरी परत येताना लिफ्टमध्ये मी ठरवून टाकलं की बिलांचे पैसे आले, पूर्ण रक्कम जमली की एकदमच भरू.

माझं सगळं चुकलं ते या एका वाक्यात. ऐकायला ते जबाबदारीचं वाटतं. एकाहत्तर हजारांतून पन्नास भरता आले असते. मे महिन्यात बिलांचे पैसे आले तेव्हा लाख भरता आला असता. पोर्टलवर कर भरायला किमान रकमेची अट नाही आणि चलन किती वेळा काढायचं यालाही मर्यादा नाही. भरलेल्या रकमेवरचं व्याज पुढच्या महिन्यापासून थांबतं. पण मला अर्धवट भरणं म्हणजे न भरण्यासारखंच वाटत होतं. मेमधल्या पैशांतून गाडीचा विमा, मुलीची शाळेची फी आणि दोन महिन्यांचं थकलेलं भाडं गेलं. जूनमध्ये पुन्हा थोडे जमले आणि गेले. दर वेळी आकडा २,२६,२००च्या खालीच राहायचा आणि दर वेळी मी पुढच्या बिलाकडे बघायचो.

जुलैनंतर आणखी एक गोष्ट झाली, ती पैशांपेक्षा वाईट होती. मी बघणंच बंद केलं. पोर्टलचा पासवर्ड विसरलो होतो, तो बदलायला दोन मिनिटं लागली असती. सीए मॅडम जिन्यात दिसल्या की मी फोन कानाला लावायचो. विभागाचा कुठलाही मेल न उघडता पुसून टाकायचो. वडिलांशी खोटं बोललो होतो, त्यामुळे घरात हा विषय निघण्याची सोयच मी उरू दिली नव्हती. खरं सांगितलं असतं तर बायकोने त्याच आठवड्यात काहीतरी मार्ग काढला असता, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

डिसेंबरमध्ये धायरीत एक फ्लॅट पसंत पडला. एक लाख टोकन दिलं. बँकेने गृहकर्जासाठी मागच्या तीन वर्षांची रिटर्नं मागितली, उत्पन्नाच्या गणनेच्या कागदांसह. दोन नोकरीच्या काळातली होती. तिसरं नव्हतं. कागद गोळा करायचं काम बायकोकडे होतं. तिने रात्री विचारलं, "या वर्षीचं सापडत नाहीये, मेलवर असेल ना?" मी सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाबांना पण खोटं सांगितलंस?" रकमेबद्दल तिने दुसऱ्या दिवशी विचारलं.

सीए मॅडमनी वही पुन्हा उघडली. मार्चचा आगाऊ कर चुकला म्हणून कलम २३४सीखाली २,२६२. एप्रिल ते डिसेंबर असे नऊ महिने, महिना एक टक्का, २३४बीखाली २०,३५८. रिटर्न उशिरा म्हणून ऑगस्टपासूनचे पाच महिने २३४एखाली ११,३१०. आणि विलंब शुल्क ५,०००. एकूण २,६५,१३०. महिन्याचा एक दिवस उलटला तरी पूर्ण महिना धरतात, हेही तेव्हा कळलं. "कर पूर्ण भरता येत नव्हता तरी रिटर्न तरी जुलैत भरायचं. यातले शेवटचे दोन आकडे तुम्हाला लागलेच नसते," त्या म्हणाल्या. ते १६,३१० होतात. ३१ डिसेंबर उलटला असता तर उशिराचं रिटर्नही भरता आलं नसतं. उरला असता तो अद्ययावत रिटर्नचा मार्ग, आणि त्यात कर आणि व्याजाच्या एकूण रकमेवर आणखी पंचवीस टक्के. माझ्या बाबतीत ते किमान पासष्ट हजार झाले असते.

आमच्याकडे १ लाख ८० हजार होते. मी साताऱ्याला फोन केला आणि वडिलांना आधी जुलैमधलं खरं सांगितलं, पैशांचं नंतर. ते एसटीतून निवृत्त झाले. पस्तीस वर्षांत त्यांच्या पगारातून जे कापलं गेलं त्याची त्यांनी कधी तक्रार केली नाही. फोनवर ते फक्त एवढंच म्हणाले, "किती कमी पडतायत?" दुसऱ्या दिवशी त्यांनी एक मुदत ठेव मोडली आणि नव्वद हजार पाठवले.

२८ डिसेंबरला रात्री मी आणि बायको शेजारी बसून पैसे भरले. निर्धारण वर्ष २०२२-२३, प्रकार 'सेल्फ असेसमेंट टॅक्स'. चलनावर बँकेचा बीएसआर कोड, चलन क्रमांक आणि खाली रक्कम अक्षरांत. तिने ती अक्षरं एकदा वाचली आणि प्रिंट काढली.

यातून मी लगेच सुधारलो असं नाही. पुढच्या वर्षी काम कमी होतं, चोवीस लाखच आले. कर १,३२,६०० झाला आणि १५ मार्च मी पुन्हा चुकवली. २७ मार्चला भरला. ३१ मार्चपर्यंत भरलेला पैसा आगाऊ करातच धरतात, म्हणून व्याज फक्त १,३२६ रुपये लागलं. रक्कम लहान होती, पण चूक तीच होती. आदल्या वर्षीची नऊ महिन्यांची घुसमट आठवत असूनही मी ती केली होती.

४४एडीएखाली सगळा आगाऊ कर १५ मार्चला एकदम भरण्याची सवलत आहे. इतर बहुतेकांना जून, सप्टेंबर, डिसेंबर, मार्च असे चार हप्ते पडतात. ही सवलत माझ्यासारख्याला झेपत नाही, असं माझं स्पष्ट मत झालंय. बारा महिने हाताशी असलेला पैसा आपला वाटू लागतो. आता परदेशातून रक्कम आली की त्याच दिवशी तिचे पंधरा टक्के मी दुसऱ्या बँकेतल्या खात्यात टाकतो. त्या खात्याचं एटीएम कार्ड घेतलेलं नाही आणि ते यूपीआयला जोडलेलं नाही. जून, सप्टेंबर, डिसेंबरमध्ये तिथे जे असेल ते भरून टाकतो, आकडा पूर्ण असो वा नसो. चलन निघालं की त्याचा फोटो वडिलांना पाठवतो. त्यांनी कधी मागितला नाही.

नव्वद हजार मी त्यांना पुढच्या ऑक्टोबरपर्यंत तीन हप्त्यांत परत केले. मुदतीआधी ठेव मोडल्यामुळे त्यांचं जे व्याज बुडालं, ते मात्र अजून देऊ शकलो नाही. किती बुडालं ते ते सांगत नाहीत.