घट किती धरायची?

जुनं ते सोनं, ही म्हण सोनाराला विचारून कुणी केलेली दिसत नाही. सोनाराच्या लेखी सोन्याला वयच नसतं. आजीची पाटली काय आणि गेल्या दिवाळीतली अंगठी काय, मोडायला नेली की तो कस लावतो, घट धरतो आणि उरलेल्या वजनाचा भाव सांगतो. पाटली पन्नास वर्षांची आहे म्हणून दोन पैसे जास्त देणारा सोनार अजून जन्माला यायचाय. जुनेपणानं सोन्याचं काही बिघडत नाही, एवढंच त्याचं मोठेपण. लोखंडाचं तसं नाही, आणि जीप लोखंडाचीच. तरी वापरलेली महिंद्रा थार घ्यायचा विषय निघाला की यवतमाळपासून उमरखेडपर्यंत कुणी ना कुणी छातीठोक सांगतोच, नवीच्या नादी लागू नका, जुनीच बघा. हा सल्ला सरसकट चूक आहे असं वाटत नाही. तो कशाच्या जोरावर दिला जातो, ते मात्र नीट कळत नाही.

मुळात जुनी म्हणजे कुठली? महिंद्रांची विलीज जीप स्वातंत्र्याच्या सुमाराची. तिच्या मागोमाग एमएम ५४०, मेजर, कमांडर, मार्शल अशी रांग यवतमाळ जिल्ह्यानं पाहिली. काळी-पिवळी टॅक्सीच्या रूपात तर तिच्यात बसून, लटकून आणि टपावर चढून. आज बाजारात जुनी म्हणतात ती २०१० च्या ऑक्टोबरात आलेली थार, आणि नवी म्हणजे २०२० च्या गांधीजयंतीला बाजारात उतरलेली. त्या जुनीतही दोन जाती. एक डीआय, २५२३ सीसीची, जेमतेम ६३ अश्वशक्तीची, साध्या डिझेल पंपावर चालणारी. दुसरी सीआरडीई, १०५ अश्वशक्तीची. ‘पाना-हातोडीनं दुरुस्त होते’ ही कौतुकाची ओळ खरी आहे ती डीआयची. सीआरडीईला सेन्सर आहेत, इंजिनाचा संगणक आहे, आणि डॅशबोर्डवर दिवा लागला की हातोडी तिथेही मुकाट बसते. थोडक्यात, साधेपणाची सगळी स्तुती एका गाडीची आणि विक्री बहुतेक वेळा दुसरीची.

आकडे मांडले तर नवीचं पारडं सरळ जड होतं. जमिनीपासूनची उंची जुनीची २०० मिलिमीटर, नवीची २२६. नवी ६५० मिलिमीटर पाण्यातून जाऊ शकते, असं कंपनी सांगते. मागे पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग आल्यानं पाठीचे हाल कमी. पण हे आकडे काळ्या मातीला विचारून काढलेले नाहीत. इथली चिकण माती पाणी पिऊन फुगते, टायरच्या नक्षीत भरते, मडगार्डखाली थरावर थर चढवते आणि शेवटी चाकच जाम करते. नक्षी बुजल्यावर चारही चाकांना ताकद मिळाली तरी चारही जागेवर गरगरतात. तिथे उपयोगी पडतं ते गाडीचं हलकेपण. टिपेश्वरच्या जंगलात जिप्सीनं इतकी वर्षं काढली, त्यामागे तिचं साधारण एक टनाचं वजन हेही एक कारण असावं. थार, जुनी असो की नवी, त्याहून बरीच जड. श्रावणातल्या पांदणीत फसल्यावर दोघींनाही ओढून काढतो तो ट्रॅक्टरच, आणि गाडी कुठल्या सालची ते तो विचारत नाही.

तर मग जुनीचा आग्रह येतो कुठून? विचार करता करता पुन्हा त्या म्हणीपाशीच येणं होतं. ही म्हण ज्या गावगाड्यात रुळली, तिथे जुनी वस्तू म्हणजे वखर, तिफण, बैलगाडी. वखराची पास झिजली की लोहार, दांडी मोडली की सुतार. आणि त्यांची मजुरी? ती फेरीगणिक नव्हती. सुगीच्या वेळी खळ्यावर ठरलेलं बलुतं मिळे. वखर वर्षातून एकदा दुरुस्तीला येवो की पाचदा, माप तेच. हे लक्षात घेतलं तर म्हणीचा अर्थ पालटतो. वस्तू जितकी जुनी तितकी दुरुस्ती जास्त, पण मालकाला दुरुस्तीचा खर्च मात्र जास्त नाही. असल्या व्यवस्थेत जुनं टाकून नवं करणारा वेडाच ठरेल. जुनं सोनं होतं ते लोहाराच्या घामावर. तो नाही म्हणू शकत नव्हता, जातीनं बांधलेला होता, आणि पाचव्या वेळी पास शेवटताना त्याला ही म्हण कशी ऐकू येत असेल, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. म्हणी बहुधा मालकांच्याच तोंडी तयार होतात.

आज मिस्त्री दर फेरीला पैसे मागतो, आणि मागावेतच. म्हणजे ज्या हिशेबावर म्हण उभी होती तो हिशेबच मोडला. गंमत अशी की बलुतं पुरतं गेलेलं नाही. ते दुसऱ्या दारातून आत आलंय. कंपनीची वाढीव वॉरंटी, ठरावीक रकमेत अमुक वर्षांची देखभाल, हे सगळं बलुतंच की! पैसे आधी, दुरुस्ती लागेल तेव्हा. फरक इतकाच की ते आता नव्या वस्तूला मिळतं. जुनीला सोनं करणारी सोय नवीकडे गेली, आणि म्हण मात्र जुनीच्या बॉनेटवर बसून राहिली. पण वापरलेली नवी गाडी घेणाऱ्याच्या वाट्याला यातलं किती येतं? ठरलेली वर्षं किंवा किलोमीटर सरले की वॉरंटी संपते. २०२० आणि २०२१ च्या गाड्या आज त्याच काठावर किंवा त्यापलीकडे आहेत. तिथे उभ्या गाडीला बलुतंही नाही आणि गावातला लोहारही नाही.

यावर जुनीवाले म्हणतील, हेच तर आम्ही सांगत होतो. आमच्या गाडीला पुसद, वणी, पांढरकवडा, कुठेही मिस्त्री मिळतो; नवीला स्कॅनर लागतो. यात तथ्य आहे, पण ते टिकाऊ नाही. काळी-पिवळीच्या इंजिनांवर ज्यांचा हात बसला ते मिस्त्रीही म्हातारे होतायत, आणि त्यांच्याकडचा पोरगा पंपाच्या सेटिंगपेक्षा मोबाइलला जोडायचा स्कॅनर आधी शिकतो. सीआरडीई आली तेव्हाही गावात ही कोण खोलणार, अशी भीती होतीच. आता तालुक्याच्या गॅरेजात तीही खोलतात. गाडी आणि तिला ओळखणारे हात बरोबरीनंच वाढतात आणि बरोबरीनंच थकतात. मग सगळ्यात सोयीची गाडी ना सर्वांत जुनी, ना सर्वांत नवी. जिचे मिस्त्री आज चाळिशीत आहेत ती. असं म्हणावंसं वाटतं खरं, पण मिस्त्रीचं वय विचारून गाडी घेतलेला माणूस ऐकिवात नाही.

आणि एक आक्षेप असा आहे की त्याला उत्तर देताना दुरुस्तीचा सगळा युक्तिवाद लंगडा पडतो. पांदण दोन-तीन किलोमीटरची असते. तिच्या तोंडाशी आता चौपदरी रस्ता लागतो. तुळजापूर-नागपूर महामार्ग उमरखेड, महागाव, आर्णी, यवतमाळ, कळंब असा जिल्हा उभा चिरत जातो. पांढरकवड्यावरून हैदराबादचा जातो. चिखलासाठी घेतलेली गाडी आयुष्याचा मोठा भाग ऐंशी-नव्वदच्या वेगानं डांबरावर काढते. जुन्या थारला एअरबॅग कधीच नव्हत्या, एबीएस आलं तेही शेवटी शेवटी, आणि मागची माणसं समोरासमोरच्या आडव्या बाकांवर. नवीला २०२० च्या नोव्हेंबरात ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत चार तारे मिळाले. बिघडलेला पंप आर्णीत दुरुस्त होईल. छातीवर आलेलं स्टिअरिंग कुठल्याच तालुक्यात होत नाही. जुनीवाल्यांचं म्हणणं, जुनी गाडी हळूच चालवली जाते. जाते का? आर्णी रोडवर उभं राहून बघावं.

एवढं झाल्यावर कौल नवीकडे जायला हवा, आणि तरी जात नाही. नवीची किंमत वापरलेली असूनही जिवावर येते. जुनी घेऊन उरलेल्या पैशात बरंच काही होतं. दुसरीकडे पहिल्या-पहिल्या थार आता पंधरा वर्षांच्या झाल्या. म्हणजे आरटीओत पुन्हा नोंदणी, तपासणी, २०२२ च्या एप्रिलपासून वाढलेली फी, वर पर्यावरण कर. ही घट आधी धरायला कुणी सांगत नाही. शिवाय यातले किती घेणारे खरोखर शेतात जाणार आहेत? पुष्कळांचा तो शौकच असतो. शौकाला हरकत नाही, पण त्यासाठी शेताचा दाखला द्यायची गरज नसावी. मुळात जुनी की नवी हा प्रश्नच बरोबर आहे की नाही, याची खात्री सुरुवातीला होती तेवढीही आता उरलेली नाही.

ज्यांना घ्यायचीच आहे त्यांनी दोन गोष्टी कराव्यात. जुनी घेत असाल तर नंबर बघा. यवतमाळच्या एमएच २९ ला समुद्राचा खारा वारा लागलेला नसतो, कोकणातल्या एमएच ०८ ला लागलेला असू शकतो. तरी चासीच्या खोबणीत अडकलेला काळा चिखल ओल धरून ठेवतो, म्हणून पेचकस घेऊन खाली वाकाच. नवी घेत असाल तर लक्षात ठेवा, जानेवारी २०२३ पासून फक्त मागच्या चाकांना ताकद देणारी थारही विकली गेली आहे आणि बाहेरून ती सहज ओळखू येत नाही. गिअरच्या शेजारी दुसरा दांडा आहे की नाही, ते बघून मगच इसार द्या.