काकांचं देणं

काळू आठ महिन्यांचा झाला आणि गुरगुरायला लागला. तोवर कुणीही उचलावं, कान ओढावेत, असं ते पिल्लू. आता हाड चघळताना कुणी जवळून गेलं तरी अंग ताठ व्हायचं, ओठ वर जायचे. चिकू उतरवायच्या जाळीच्या लांब काठीवर तर त्याचा विशेष राग. घरातल्या मोठ्यांचा उपाय ठरलेला होता: दोन फटके.

ते फटके टळले आमच्या धुंदलवाडीजवळच्या वाडीची राखण करणाऱ्या वारली काकांमुळे. "सांगतोय तवर बरं हाय, बाय," ते म्हणाले. "गप केलास तर सांगल कसा?" मार खाऊन कुत्रं गुरगुरणं सोडतं, भीती सोडत नाही, मग इशारा न देता थेट चावतं. हे मी पुस्तकांत वाचलं ते पुष्कळ नंतर.

शिकवण्याआधी काकांनी त्याला मांडीशी घेऊन कान तपासले. आत गोचिड्या होत्या. दुखणाऱ्या कुत्र्याला काय शिकवणार! त्या निघाल्यावर निम्मा राग गेला. हाडाला मात्र त्यांनी कधी हात घातला नाही. लांबून सुक्या बोंबलाचा तुकडा टाकायचा आणि चालू लागायचं. काळू गुरगुरला की आपण जास्त जवळ आलो असं समजून मागे सरायचं. हळूहळू काका दिसले की तो हाड सोडून शेपटी हलवत येऊ लागला. काठीचंही तसंच: ती जमिनीवर आडवी, शेजारी बोंबील. माझ्या वाट्याला एकच काम, तो खात असताना पोरांना लांब ठेवायचं. माझं तो ऐकतच नव्हता. 2020 साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी दाखवलं, की आठ महिन्यांची कुत्री परक्यांपेक्षा पाळणाऱ्या माणसाचीच आज्ञा जास्त मोडतात. तेव्हा कुठे माझा रुसवा गेला.

हे सगळं चाललं होतं 2018च्या नोव्हेंबरनंतर, डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के सुरू झाले त्या हिवाळ्यात. आधी जमिनीखालून गडगड, लगेच हादरा. लोक थंडीत अंगणात, तंबूत झोपत. कुत्र्याला आधी कळतं म्हणून शेजारी काळूकडे बघत बसायचे. मला तसं काही दिसलं नाही. धक्का आमच्याइतकाच त्यालाही अचानक बसायचा. पण नंतर तासभर तो कुणालाच जवळ येऊ देत नसे. काकांनी त्याचं अंथरूण भिंतीपासून उचलून अंगणात आमच्या खाटांशेजारी आणलं आणि त्या तासात त्याला कुणी हाक मारायची नाही, असं बजावलं.

त्यांच्या स्वतःच्या नव्या विटांच्या खोलीला भेगा गेल्या होत्या. रात्री घरची माणसं प्लास्टिकखाली, आणि हा माणूस सकाळी बोंबील खिशात घालून आमच्या कुत्र्यासाठी हजर. भेगा बुजवायला पैसे देऊ केले. त्यांनी राखणीच्या पगारापलीकडे काही घेतलं नाही. पंचनाम्याचे कागद तेवढे माझ्याकडून भरून घेतले. माझ्याकडून एवढंच झालं याची मला लाज वाटते. देणं फिटलं म्हणावं असं ते काम नव्हतं.

परवा बोर्डीच्या मावशीचा फोन आला. त्यांचं कुत्रं त्याच वयाला पोचलंय, घरच्यांवर गुरगुरतं, सोडून यायची भाषा चाललीय. मी फोन काकांच्या हातात दिला. ते ऐकत राहिले, मग विचारलं, "खाताना गुरगुरतो का हात लावताना?"