चाक लागणे, चाक बसणे

माझ्या भाच्याची मोटार दुसऱ्याच मोटारीच्या चाकांवर चालते. हे वाक्य आज मी शांतपणे लिहू शकतो. काही महिन्यांपूर्वी त्याचा नुसता विचार आला तरी माझा संताप होत असे. मराठी शिकवणाऱ्या माणसाचा चाकाशी संबंध पंक्चरपुरताच असतो. तरीही ही हकीकत लिहावीशी वाटली, कारण तिच्यात मी बराच चुकलो होतो.

गाडी २००९ची स्विफ्ट, दाजींनी हौसेने घेतलेली. २०२१मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत दाजी गेले. २०२४मध्ये गाडीची पंधरा वर्षे भरली तेव्हा ताई म्हणाली, "विकून टाकू. दारात उभी असली की बघवत नाही." भाच्याने ऐकले नाही. पहिल्या नोकरीच्या पगारातून त्याने गाडीची पुनर्नोंदणी करून घेतली. इथपर्यंत मला त्याचे कौतुकच होते. मग त्याने मूळ स्प्रिंगा काढून आखूड स्प्रिंगा घातल्या, गाडी सुमारे चार सेंटिमीटर खाली आणली आणि जुन्या बाजारातून होंडा सिटीची पंधरा इंची अलॉय चाके आणून तिला लावली. ताईचा फोन आला, "त्यांची गाडी ओळखू येत नाही रे. माझं ऐकत नाही तो. तू मामा आहेस, तू बोल."

मी बोललो. बोलण्यापूर्वी, आपल्या पेशाला धरून, वाचन केले. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२ : उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी नोंदणीतला तपशील विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले. गाडी खाली आणण्याबद्दलची माझी ही हरकत आजही कायम आहे. पण खरे सांगायचे तर कलम हे निमित्त होते. गेलेल्या माणसाच्या वस्तूवर हा मुलगा आपली हौस भागवतो आहे, हा माझा खरा राग होता.

भाच्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "मामा, मापं जुळतात." ती त्याने कागदावर मांडली. दोन्ही चाकांना चार भोके. त्या भोकांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास दोन्हीकडे १०० मिलिमीटर. टायर धरून बाहेरचा व्यास आधी सुमारे ६२० मिलिमीटर, आता ६०८ ते ६०९. फरक दोन टक्क्यांहून कमी. चाक पूर्ण वळवले तरी चिखलपट्टीच्या आतल्या अंगाला घासत नव्हते. खाली आणलेल्या गाडीत टायरभोवतीची जागा कमी झालेली असते, म्हणून हे तपासावे लागते. गणित बिनचूक होते.

मग एका रविवारी आम्ही कोल्हापूरहून सांगलीला निघालो. हातकणंगल्याच्या अलीकडे वेग ऐंशीच्या घरात गेला आणि स्टिअरिंग थरथरू लागले. भाच्याने वेग कमी केला; थरथर थांबली, पण पुढून एक बारीक टकटक ऐकू येत राहिली. त्याने गाडी कडेला घेतली. डावीकडच्या पुढच्या चाकाचे दोन नट त्याच्या बोटांनी फिरले. पान्ह्याची गरजच पडली नाही. त्याचा चेहरा पाहून मी तयार ठेवलेले वाक्य गिळले. नट आवळले, आणि वीस-तीसच्या वेगाने, दर थोड्या अंतरावर उतरून पाहत, आम्ही माघारी कोल्हापुरात आलो.

दुसऱ्या दिवशी उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी चाक उतरवून भोकात बोट फिरवले आणि म्हणाले, "सर, सिटीचा नट ह्याच्यावर चढत न्हाई, आणि स्विफ्टचा नट ह्याच्यात बसत न्हाई." मी अर्थ विचारला. स्विफ्टच्या नटाचे टोक शंकूसारखे उतरते असते. सिटीच्या मूळ चाकात नटाची बैठक गोलाईची, वाटीसारखी असते. शंकू वाटीत टेकतो तो एका बारीक रेघेवर. पान्ह्याला तो घट्ट लागतो, पण गाडी चालली, धक्के बसले, की ताण सुटत जातो. मग सिटीचेच नट का लावू नयेत? कारण आटे वेगळे. जाडी दोन्हीकडे १२ मिलिमीटर. पण आट्यांतले अंतर स्विफ्टला सव्वा मिलिमीटर, सिटीला दीड. जबरदस्तीने चढवला तर आटेच खाल्ले जातात.

"आणि हे मधलं बघा," मिस्त्री म्हणाले. चाकाच्या मध्यभागी गाडीचा हब ज्यात शिरतो ते भोक सिटीच्या चाकात ५६.१ मिलिमीटर; स्विफ्टचा हब ५४.१. म्हणजे सभोवती एकेक मिलिमीटरची पोकळी. चाक मध्यावर धरून ठेवायला तिथे काहीच नव्हते. थरथर त्यामुळे. भाच्याने मला हळूच विचारले, "मामा, हबला मराठीत काय म्हणतात?" "तुंबा," मी म्हणालो. बैलगाडीच्या चाकाचा तुंबा, आरे, धाव. लोखंडी धाव तापवून चाकावर चढवायची आणि पाणी ओतून आवळू द्यायची. एका चाकाची धाव दुसऱ्याला नुसती मापावरून चालत नसे. इतक्या दिवसांत माझ्या उपयोगाचे त्याने पहिल्यांदाच काही विचारले होते.

चाक 'लागते' आणि चाक 'बसते' यांत मराठी जो भेद करते तो मला त्या गॅरेजमध्ये कळला. बाहेरून काही आणण्यात दोष नाही. बटाटा पोर्तुगिजांबरोबर आला, कारखाना फारसीतून आला. पण 'बटाट्याची', 'कारखान्यात' असे त्यांचे सामान्यरूप झाले आणि ते शब्द मराठीत बसले. उलट पाश्चात्त्य समीक्षेतल्या किती संज्ञा मी स्वतः मराठी कवितेला केवळ चार भोके जुळली म्हणून लावल्या आहेत, आणि वेग वाढताच त्या कशा थरथरल्या आहेत, हे माझे विद्यार्थी सांगतील.

उपाय निघाला. एका लेथवर अॅल्युमिनियमच्या चार कड्या कातून घेतल्या : बाहेरून ५६.१, आतून ५४.१, जेमतेम एक मिलिमीटर जाडीच्या. नट मात्र असे हवे होते, ज्यांचे आटे स्विफ्टचे आणि बैठक सिटीची. ते मागवावे लागले. तोवर गाडी मूळ चाकांवर चालवायची, असे भाचा म्हणाला. ती चाके त्याने विकली असतील असा माझा समज होता. ती माळ्यावर होती, पुसून, पोत्यात गुंडाळून ठेवलेली.

नवे नट आले, मोजून आवळले, शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासले. त्यानंतर आम्ही पुन्हा सांगलीला निघालो, या वेळी ताईसह. ती बसल्यावर गाडी आणखी खाली गेली. प्रत्येक गतिरोधकावर भाचा तिरका, सावकाश चढत होता. ऐंशीला स्टिअरिंग स्थिर होते.

वाटेत ताईने समोरचा कप्पा उघडला, तर आत एक कापडी पिशवी. तिच्यात चार जुने नट. "हे कशाला?" तिने विचारले.

"स्टेपनी अजून बाबांचीच आहे," भाचा म्हणाला. "पंक्चर झालं तर तिला नवे नट चालणार नाहीत. हेच लागतील."

ताईने पिशवीची गाठ पुन्हा मारली, कप्प्यात न ठेवता ती मांडीवर धरली, आणि सांगली येईपर्यंत तशीच ठेवली.