कावेरीच्या मुलखात मोटारीचे बिऱ्हाड

तंजावर म्हटले की मराठी वाचकाच्या मनश्चक्षूंपुढे बृहदीश्वराचे उत्तुंग शिखर आणि सरस्वती महालातील पोथ्या उभ्या राहतात. शिवछत्रपतींचे बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात येथे स्थापिलेली गादी दुसरे शिवाजीराजे १८५५ साली निवर्तले तोवर चालली. मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली कोरविलेला भोसले वंशाचा मराठी इतिहास पाहून आपला माणूस सद्‌गदित होतो, छायाचित्र घेतो आणि संध्याकाळच्या गाडीने रामेश्वरास निघून जातो. परंतु ज्या अन्नाच्या जोरावर हे मंदिर उभे राहिले, ते पिकविणारी गावे मात्र त्याच्या दृष्टीस पडत नाहीत. ती पाहावयाची तर स्वतःचे वाहन हवे आणि हाताशी चार दिवस मोकळे हवेत.

अलीकडे पुष्कळ मध्यमवर्गीय कुटुंबे चारही चाकांना जोर देणारी मोटार, म्हणजेच फोर व्हील ड्राइव्ह, घेऊ लागली आहेत. एके काळी 'जीप' या एकाच शब्दात तिचे सारे वर्णन सामावत असे. अशी मोटार दारी आली की पाठोपाठ तिच्या अलंकारांचा प्रश्न उभा राहतो. आमच्या एका स्नेह्यांनी गेल्या वर्षी अशी गाडी घेतली आणि कावेरीकाठच्या सहलीचा बेत ठरविला. दुकानदाराने त्यांच्या हाती साधनांची भलीमोठी यादी ठेवली: पुढचा लोखंडी अडसर, विजेवर चालणारी विंच, छतापर्यंत जाणारी श्वासनळी, टपावरचा तंबू, शीतकपाट, दिव्यांची माळ. बेरीज पाहून वहिनींनी शांतपणे विचारले, "हे सारे घ्यावयाचे तर मुलीच्या कॉलेजसाठी ठेवलेले पैसे मोडावे लागतील. त्या गावांना यांतले खरोखर काय लागते, ते आधी पाहू या का?" प्रश्न बिनतोड होता. त्याचे उत्तर दुकानात मिळण्याजोगे नव्हते. ते त्या भूमीतच शोधावयास हवे होते.

ती भूमी कशी आहे? सपाट. दृष्टी पोहोचेल तेथवर भाताची खाचरे, मधून मधून माडांच्या राया, केळीच्या बागा आणि दूरवर एखाद्या गोपुराचे टोक. करिकाल चोळाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कल्लणै या प्राचीन बंधाऱ्यापाशी कावेरीचे पाणी विभागले जाते आणि वेण्णार, कुडमुरुट्टी, अरसलार अशा नद्यांतून व त्यांच्या असंख्य पाटांतून शेतोशेती पोहोचते. १९३४ साली मेट्टूरचे धरण पुरे झाले. तेव्हापासून पाणी पुरेसे असेल त्या वर्षी १२ जूनला तेथील दरवाजे उघडण्याची प्रथा आहे, आणि साऱ्या प्रदेशाचे पंचांग त्या तारखेभोवती फिरते. कुरुवै, सांबा, तालडी ही भातपिकांची नावे येथे महिन्यांच्या नावांसारखी कानी पडतात. सह्याद्रीतील घाट, चढउतार, खडक यांचा येथे मागमूस नाही. मग फोर व्हील ड्राइव्ह हवी तरी कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. उत्तर एका शब्दात आहे: चिखल. पाटाच्या काठची काळी चिकणमाती पावसाच्या एका सरीने साबणासारखी होते. ती टायरच्या खाचांत भरली की उत्तम टायरसुद्धा गुळगुळीत गोटा होऊन बसतो.

म्हणून पहिला विचार टायरांचा. खोल खाचांचे, केवळ चिखलासाठी घडविलेले टायर दिसण्यास रुबाबदार खरे. पण पुण्याहून तंजावरापर्यंतचा हजार किलोमीटरांहून अधिक प्रवास डांबरी रस्त्याचा आहे, आणि त्यावर ते घरघर करतात, इंधन खातात व ओल्या रस्त्यावर त्यांची पकड उणीच पडते. दोन्ही प्रकारच्या वाटांवर चालणारे मध्यम खाचांचे टायर कुटुंबास पुरे. त्यांच्या जोडीला हवेचा दाब मोजण्याचे साधन आणि बॅटरीवर चालणारा लहानसा पंप मात्र हवाच. भुसभुशीत वाळूत किंवा मऊ मातीत हवा थोडी कमी केली की टायर पसरतो आणि भार अधिक जागेवर वाटला जातो. पक्क्या सडकेवर येताच ती पुन्हा भरावयाची. हे दोन जिन्नस एका पिशवीत मावतात आणि यादीतील निम्म्या लोखंडाचे काम करतात. वेदारण्याच्या बाजूस वेड्या बाभळीचे काटे फार. तेव्हा पंक्चर काढण्याचा संच आणि पूर्ण आकाराचे जादा चाक विसरू नये.

जॅकच्या तळाशी ठेवावयास फूटभर लांबीरुंदीची जाड फळी घ्यावी. फळीवाचून मऊ मातीत जॅक लावला तर गाडी वर येण्याऐवजी जॅकच खाली जातो. ही फळी कोणत्याही दुकानाच्या यादीत नव्हती. ती सुताराकडे मिळाली.

आता विंचेविषयी. विंच म्हणजे मोटारीच्या तोंडाशी बसविलेला रहाट. तिचा दोर एखाद्या झाडास बांधावयाचा आणि गाडीने स्वतःसच ओढून घ्यावयाचे, अशी कल्पना. पण या मुलखात पाटाकाठी झाड कोणते? बहुधा माड. माडाची मुळे उथळ व तंतुमय असतात आणि तो माड कोणाच्या तरी संसाराचा आधार असतो. १६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे 'गजा' चक्रीवादळ वेदारण्याजवळ किनाऱ्यावर आदळले आणि पट्टुकोट्टै, पेरावूरणी भागांतील बागाच्या बागा आडव्या झाल्या. नव्याने लावलेला माड फळास येण्यास कित्येक वर्षे जातात. त्याच्या खोडास दोन टनांची गाडी टांगण्याचा अधिकार सहलीस निघालेल्यास कोणी दिला? शिवाय येथे गावोगावी ट्रॅक्टर आहेत. एक मजबूत दोर, दोन भक्कम कड्या आणि मोटारीच्या सांगाड्यास जोडलेला ओढण्याचा हूक एवढे असले म्हणजे झाले. हूक मात्र खरोखर ओढण्यासाठीचा आहे ना, हे गाडीच्या पुस्तिकेत पाहून घ्यावे. वाहतुकीच्या वेळी गाडी बांधण्याची नाजूक कडी ताणाखाली तुटली तर ती गोळीसारखी सुटते. दोर ताणला असता मुलांनी व बघ्यांनी दूरच उभे राहावे.

तिरुवैयारूच्या पलीकडे आम्ही हा प्रयोग प्रत्यक्ष पाहिला. दुसऱ्या कोणाची नवी कोरी गाडी बांधावरून घसरून मागच्या चाकांनी चिखलात रुतली होती. पुढे विंच होती, पण आधारास काही नव्हते. एका शेतकऱ्याने ट्रॅक्टर आणून ती पाच मिनिटांत बाहेर काढली. पैसे घेण्यास त्याने नकार दिला. मग फावडे घेऊन, चाकांनी फोडलेला बांध तो निमूटपणे लिंपू लागला. तमिळमध्ये या बांधास 'वरप्पु' म्हणतात. तो फुटला तर एका खाचराचे पाणी दुसऱ्यात जाते आणि शेजाऱ्याशेजाऱ्यांत भांडण लागते. आमच्या स्नेह्यांनीही गाडीतून फावडे काढले व ते त्याच्या मदतीस गेले. लहान दांड्याचे फावडे ही या प्रवासातील सर्वांत उपयुक्त वस्तू होय, असे आमचे मत तेथेच बनले. बांधावर गाडी घालावीच का, हा प्रश्न त्याहूनही आधीचा.

श्वासनळी वगळण्यास फार विचार लागला नाही. खोल पाण्यातून जाताना इंजिनास हवा मिळावी यासाठी ती असते. पण येथील पाटांचे काठ उभे असतात, तळाचा अंदाज लागत नाही आणि वाहत्या पाण्यात गाडी घालणे हे साहस नसून अविचार आहे. पूल थोड्या अंतरावर असतोच. पुढच्या लोखंडी अडसराबद्दल तर कायदाच बोलतो. असे अडसर मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाचा भंग करतात, असे केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळविले. पादचाऱ्यास ते घातक असतात आणि धडकेचा धक्का सांगाड्यात नेऊन हवेच्या पिशव्या उघडण्याच्या यंत्रणेतही घोटाळा करतात.

मुक्कामाचा प्रश्न यांहून गोड आहे. सरफोजीराजे १८२० साली काशीयात्रेस निघाले तेव्हा त्यांच्यासमवेत सुमारे तीन हजार माणसे होती, असे सांगतात. केवढे ते चालते नगर! राहुट्या, कोठी, पाणके, पालख्या. त्या मानाने टपावरच्या तंबूचा काय पाड? पण याच राजाने व त्याच्या पूर्वजांनी इतर प्रवाशांस तंबूची गरजच पडू नये अशी तजवीज केली होती. रामेश्वराच्या वाटेवर त्यांनी छत्रे बांधली: ओरत्तनाड येथील मुक्ताम्बाळ छत्र, नीडामंगलमचे यमुनाम्बाळ छत्र आणि अशी आणखी कितीतरी. या छत्रांचे उत्पन्न काढून घेऊ नये म्हणून सरफोजींनी १८०१ साली इंग्रज रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यांना पत्र लिहिले. त्यातील वर्णन वाचून मन भरून येते. सर्व जातींच्या वाटसरूंस तेथे अन्न मिळे. आजारी पडलेल्यास वैद्य असे, बाळंतिणीची व पोरक्या मुलांची व्यवस्था असे. आणि मध्यरात्री घंटा वाजवून, जेवावयाचा कोणी राहिला असल्यास त्याला बोलावीत. आज ओरत्तनाडास त्या छत्राचे दगडी रथासारखे काम पाहताना, आपण गाडीत कोंबलेले डबे आठवून थोडी गंमत वाटते.

त्या परंपरेची दुसरी कथा १९३० ची आहे. राजाजींच्या नेतृत्वाखाली मिठाच्या सत्याग्रहाची तुकडी तिरुचिरापल्लीहून याच गावांतून पायी वेदारण्यास निघाली. तिला आसरा देणाऱ्यास शिक्षा होईल, अशी ताकीद तंजावरच्या कलेक्टराने दिली होती. तेव्हा गावकऱ्यांनी अन्नाच्या पुड्या रस्त्याकाठच्या झाडांच्या फांद्यांना टांगून ठेवल्या!

टपावरचा तंबू आम्ही वगळला तो यासाठी की त्याचे वजन पन्नास-साठ किलोंच्या घरात जाते, गाडीचा तोल वर सरकतो, आणि दोन्ही बाजूंस पाट असलेल्या अरुंद रस्त्यावर ते धोक्याचे आहे. टपाला पेलणारा भार गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. कॅरिअरचे वजनही त्यातच मोजावे. जमिनीवरचा साधा, चोहोबाजूंनी जाळी असलेला तंबू आम्ही घेतला. दोन रात्री तो उपयोगी पडला, दोन्ही वेळा घरमालकाला विचारून त्याच्या अंगणात. पडीक जमीन येथे जवळपास नाहीच. जी मोकळी दिसते ती कोणाची तरी मळणीची जागा असते. माडाखाली तंबू कदापि ठोकू नये. नारळ कोणाची ओळख पाहून पडत नाही.

मच्छरदाणी, टॉर्च आणि घोट्यावर येणारे बूट या तीन वस्तूंस पर्याय नाही. भातखाचरांच्या बांधावर घोणस असते. साप चावल्यास जखम कापणे, चोखणे, दोरीने आवळणे हे सारे प्रकार वर्ज्य होत; माणसास हालचाल न करू देता १०८ क्रमांकास दूरध्वनी करून इस्पितळ गाठावे. प्रथमोपचाराच्या पेटीइतकेच अग्निशामक नळकांडेही महत्त्वाचे. पांढऱ्या झगझगीत दिव्यांची माळ मात्र घरीच राहू द्यावी: भाताच्या शेतातील तुडतुडे क्षणार्धात तिच्यावर झेप घेतात आणि सांबारात त्यांची भर पडते. पिवळसर मंद कंदील बरा.

पाण्यासाठी वीस लिटरांचे दोन डबे घ्यावेत. किनाऱ्याकडील गावांत विहिरीचे पाणी पुष्कळदा मचूळ लागते. इंधनाचे जादा डबे नकोत, पंप गावोगाव आहेत आणि गाडीत पेट्रोल बाळगणे ही आगीला पाटावर बसविण्याची गोष्ट आहे. शीतकपाटाची उणीव कोणास भासली नाही. ताजे दूध, केळीच्या पानावरचा भात आणि कुंभकोणमची कॉफी जेथे हाताशी आहे, तेथे शिळे थंड करून कोण खाणार? वहिनींनी शीतकपाटाच्या पैशांतून पितळेचे दवरा-टंबलर घेतले. सबंध सहलीतील तेवढीच चैनीची खरेदी.

जाण्याचा काळ पौष-माघ हा उत्तम. ऑक्टोबर ते डिसेंबर हा ईशान्य मोसमी पावसाचा आणि वादळांचा हंगाम असतो, तो टाळावा. जानेवारीत पोंगलच्या सुमारास सांबाची कापणी चालते. ठिकठिकाणी रस्त्याच्या निम्म्या भागावर भात वाळत घातलेले आढळते. त्यावरून चाक नेऊ नये, समोरून बस आली तर थांबावे. त्याच महिन्याच्या आगेमागे पौष वद्य पंचमीस तिरुवैयारूला त्यागराजस्वामींचा आराधनोत्सव भरतो.

दक्षिणेस सेतुबावाछत्रम् गावाजवळ सरफोजींनी १८१४-१५ च्या सुमारास, इंग्रजांनी नेपोलियनवर मिळविलेल्या जयाचे स्मारक म्हणून बांधलेला मनोरा समुद्राकडे तोंड करून उभा आहे. तेथून किनाऱ्याने पूर्वेस कोडिक्करै लागते. १९६७ पासून ते अभयारण्य आहे. हिवाळ्यात रोहित पक्षी दलदलीत उतरतात आणि काळविटांचे कळप गवतात दिसतात. तेथे वाटेल तेथे तळ ठोकता येत नाही, वन खात्याची परवानगी काढावी लागते. वाळूवर गाडी पळविण्याचा मोह याच ठिकाणी सर्वांत अधिक होतो. पण जानेवारी ते मार्च या काळात समुद्रकासवे याच वाळूत अंडी घालतात, म्हणून मोटार सडकेवरच ठेवून आम्ही पायी गेलो. मुलीने फावडे बरोबर घेतले होते. किल्ला बांधावयास.