मासे उभे राहत नाहीत

१ जूनला मासेमारी बंद होते, होड्या माडांखाली ताडपत्री पांघरून बसतात आणि माझ्या पडवीत माणसांची ये-जा वाढते. ३१ जुलैपर्यंत हातात वेळच वेळ. हल्ली मालवणात या दिवसांत एकच प्रश्न ऐकू येतो : "फायबरची जुनी होडी हा. माशांकच ठेवूची, की टुरिस्टांका काढूची?" सिंधुदुर्ग किल्ल्याच्या फेऱ्या, तारकर्लीचं स्नॉर्केलिंग, डॉल्फिन. जाळ्याला लागत नाहीत तेवढे पैसे पर्यटक देतात, त्यामुळे विचारणाऱ्याला मी दोष देत नाही.

यंदा आला तो देवबागचा एक तरुण. होडी बापाची, २४ फुटी, पंचवीसेक वर्षांची. मी उत्तराआधी हातोडी उचलली. नाळेपासून वीत-वीत अंतरावर ठोकत मागे जायचं. धडधाकट फायबर टणटण वाजतं. आतले थर सुटले असतील तिथे पिकल्या फणसासारखा बदबद आवाज येतो. त्याच्या होडीचं अंग वाजलं छान. तळाला फोडही नव्हते. कायम पाण्यात नांगरलेल्या होडीत वरच्या थरातून पाणी मुरतं, आतल्या रेझिनमधलं काहीबाही विरघळतं आणि फोड येतात; एखादा फोडला तर आंबूस वासाचं पाणी निघतं. रोज वाळूवर ओढली जाणारी होडी त्यातून बहुधा सुटते, तिचा तळाचा कणा मात्र झिजतो. इथेही तो झिजला होता.

खरं दुखणं मागच्या फळीत होतं, जिच्यावर मशीन टांगतात तिच्यात. बाहेरून फायबर, आत प्लायवूड. बोल्टच्या भोकांतून वर्षानुवर्षं पाणी गेलेलं. मशीनचं पाऊल धरून हलवलं तर अख्खी फळीच डुलायला लागली. एक भोक कोरून पाहिलं, आतून चहात बुडवलेल्या बटरासारखा लगदा आला. बसण्याच्या फळ्यांखालच्या थर्मोकोलनंही पाणी प्यायलं होतं; आठ माणसांनी ओढली जाणारी होडी अलीकडे बारा जणांना हलत नव्हती, त्याचं कारण ते.

हे सगळं दुरुस्त होतं. कंटाळवाणं आहे, पण होतं. ६ मिलिमीटर जाडीच्या ठिकाणी जोड द्यायचा तर बारा पट, म्हणजे ७२ मिलिमीटरचा उतार घासून काढायचा, स्वच्छ कोरडी काच दिसेपर्यंत. घाईच्या माणसाला हा उतार नेहमी जास्त वाटतो. आणि पावसाळी हवेत हे काम उघड्यावर करायचंच नाही. काचेच्या धाग्यांची मॅट ओल धरते, थर पांढुरका पडतो, आणि पुढच्या वर्षी तोच जोड माझ्या नावानं बोंब मारतो.

पण पर्यटकांना नेण्याचा प्रश्न नुसत्या दुरुस्तीचा नव्हे. मासे तळाशी आडवे पडून राहतात. डॉल्फिन दिसला म्हणून सगळे एकदम उठून एका बाजूला धावत नाहीत. आठ माणसं म्हणजे पाचशेवर किलो, तेही फळीवर उंच बसलेलं आणि मोबाइल काढून उभं राहणारं. त्यात पाय पसरायला जागा हवी म्हणून लोक पहिल्यांदा मधल्या आडव्या फळ्या कापतात. होडीच्या दोन्ही कडा त्यांनीच धरलेल्या असतात. मग डोक्यावर छप्पर, म्हणजे वाऱ्याला शीड. मेरीटाइम बोर्डाची तपासणी, परवाना, लाइफ जॅकेटं पुढची गोष्ट.

हे शहाणपण मला पदरमोड करून मिळालं आहे. काही वर्षांपूर्वी मी अशीच एक होडी सजवून दिली. लोखंडी पाइपाचं छप्पर, गाद्या, रंग. धक्क्यावर नारळ फोडला आणि कौतुकानं आम्ही सातआठ जण होडीत एकाच कडेला उभे राहिलो. काठावरून पाणी आत आलं. कुणी बुडलं नाही, कारण कमरेएवढंच पाणी होतं. छप्पर त्याच दिवशी उतरवलं. आता त्यावर माझ्या कोंबड्या बसतात.

म्हणून या तरुणाला मी हो-नाही काही बोललो नाही. पावसानं उसंत दिली तशी आम्ही होडी खाडीत ढकलली. रिकामी होडी हातानं झुलवली. दहा हेलकाव्यांना २१ सेकंद. मग चार बांबू, त्यांवर ताडपत्री, आणि फळ्यांवर माणसांच्या जागी वाळूच्या गोण्या. पुन्हा झुलवली. ३२ सेकंद.

त्याचा चेहरा उजळला. "बगल्यात काकानू? आता कशी सावकास हलता! लोकांका बरा वाटतला."

सगळ्यांना असंच वाटतं. मी त्याला तळहातावर काठी उभी करून दाखवली. वजन असं वर चढलं की होडी सावकाश कलते, सावकाशच परत येते, आणि एखाद्या वेळी येतच नाही. होडी झटक्यानं सरळ होते तेव्हा तिच्या अंगात जोर असतो.

तो बराच वेळ काठीकडे बघत राहिला. मग गुडघाभर पाण्यातून होडीकडे गेला, पुन्हा एकदा झुलवली, ओठातल्या ओठात मोजली. आणि माझ्याकडे न बघता ताडपत्रीच्या गाठी सोडायला लागला.